डोंबिवलीचे ७८.४१ गुण

२०२२ च्या जून महिन्यात येल आणि कोलंबिया या दोन विद्यापीठांनी मिळून जगातल्या १८० देशांचे पर्यावरणाचे प्रगतिपुस्तक प्रसिद्ध केले आणि त्यात भारताचा नंबर १८० वा आला. गुण शंभरापैकी १८.९. पहिला आला डेन्मार्क, ७७.९ गुणांनी. आपण ज्या देशात राहतो तो अमेरिका देश ४३ वा. या दोन्ही विद्यापीठांत आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुले शिकतात किंवा शिकावीत अशी आईवडिलांची इच्छा असते, त्यामुळे ही बातमी आपल्या मंडळींत जरा जास्तच चघळली गेली. जेवणाच्या पंगतींत दोन तट पडले. एक तट म्हणाला, यात नवल ते काय, गेल्या डिसेंबरात मुंबईला उतरलो तेव्हापासून खोकतोच आहे. दुसरा म्हणाला, गोऱ्यांनी पेपर काढायचा, गोऱ्यांनीच तपासायचा आणि आपल्याला नापास करायचे, हे जुनेच आहे. दिल्लीच्या पर्यावरण मंत्रालयानेही ८ जूनला पत्रक काढून हा निर्देशांक निराधार गृहीतकांवर आणि अशास्त्रीय पद्धतींवर उभा आहे असे सांगून हात झटकले.

माझा पोटापाण्याचा व्यवसाय सांडपाण्याचा. न्यू जर्सीत पस्तीस-छत्तीस वर्षे कारखान्यांतून बाहेर पडणारे पाणी आणि वाफा मोजण्यात गेली. त्यामुळे पर्यावरणाचा आकडा दिसला की तो कसा काढला हे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. अशा आकड्यांना हल्ली ‘निर्देशक’ म्हणतात आणि अनेक निर्देशकांची मोट बांधून जो एकच आकडा काढतात तो ‘निर्देशांक’. शाश्वत विकासाची धोरणे या आकड्यांच्या आधाराने आखावीत, असे सगळे म्हणतात. मीही म्हणतो. पण कोणता आकडा, कोणाच्या हातात आणि कशासाठी, हे विचारल्याशिवाय त्या म्हणण्याला अर्थ नाही. या लेखात मी तीन आकडे तपासायला घेतले आहेत. त्यातला एक डोंबिवलीचा आहे, आणि खरे सांगायचे तर लेख त्याच्यासाठीच आहे.

आधी येल-कोलंबियाचा निकाल लावतो, कारण त्याला फार वेळ लागत नाही. २०२२ च्या या निर्देशांकात ४० निर्देशक होते, आणि त्यांचे तीन गठ्ठे: हवामानबदलाला ३८ टक्के वजन, निसर्गसंपदेला ४२ टक्के, माणसाच्या आरोग्याशी निगडित हवा-पाण्याला अवघे २० टक्के. हवामानाच्या गठ्ठ्यात त्या वर्षी एक नवा निर्देशक घातला: २०५० साली तुमचा देश किती हरितगृह वायू सोडत असेल. तो काढायचा कसा? तर गेल्या दहा वर्षांत उत्सर्जन सरासरी ज्या गतीने वाढले किंवा घटले, तीच रेघ २०५० पर्यंत पुढे ओढायची. डेन्मार्कने वाफ, कोळसा, कारखाने यांचा संसार शंभर वर्षे करून झाल्यावर आता तो आवरता घेतला आहे. त्याची रेघ खाली जाते. भारताच्या खेड्यात वीज आता कुठे पोचली; त्याची रेघ वर जाते. माणशी हिशेब केला तर भारतीय माणूस वर्षाला साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि आपण इथले लोक त्याच्या सात पट. माणशी उत्सर्जनालाही या परीक्षेत जागा होती, पण अगदी कोपऱ्यातली.

तेव्हा दिल्लीचे पत्रक या एका मुद्द्यावर बरोबर होते. पण पत्रकात जे नव्हते तेही सांगितले पाहिजे. भारताच्या हवेला या परीक्षेत जे तळाचे गुण पडले, ते २०५० च्या रेघेमुळे नव्हे. गंगेच्या खोऱ्यातली हिवाळ्यातली हवा ज्यांनी एकदा घेतली आहे त्यांना त्यासाठी येलच्या प्राध्यापकांची साक्ष लागत नाही. एका चुकीच्या निर्देशकाकडे बोट दाखवून उरलेल्या ३९ वर पांघरूण घालता आले, ही सोय त्या एकत्रित आकड्यानेच करून दिली. २०२४ साली निर्देशक ४० चे ५८ झाले, एस्टोनिया पहिला आला आणि भारत १७६ वा. म्हणजे भारत चार पायऱ्या वर चढला का? परीक्षेचा पेपरच बदलला तर नंबरांची तुलना कशी करायची?

आणखी एक गोष्ट मला खटकते. हा हिशेब देशाच्या हद्दीत जे घडते त्याचा आहे. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत रंग आणि रसायने तयार होतात, कापडावर प्रक्रिया होते. ते कापड कोपनहेगनच्या नाहीतर पॅरामसच्या दुकानात शर्ट होऊन लटकते. रंगाचे पाणी मात्र नाल्यात राहते आणि भारताच्या खात्यावर लागते. शर्ट आपल्या कपाटात, गुण त्यांचे कमी. असो.

आता डोंबिवली.

या अंकाच्या वाचकांत डोंबिवलीकर किती आहेत हे मोजायला निर्देशांक लागत नाही. टिळकनगर, रामनगर, फडके रोडवरची दिवाळीची पहाट, ८.१२ ची लोकल, हे सांगितले की इथल्या कुठल्याही कार्यक्रमात चार माणसे मागे वळून बघतात. पण गावाच्या पूर्वेला एमआयडीसी आहे आणि तिचा वास रात्री अकरानंतर येतो, हे आपण परक्यांना सांगत नसू. जानेवारी २०१४ मध्ये डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला, तेव्हा ती गोष्ट साऱ्या महाराष्ट्राला कळली. फेब्रुवारी २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाला आणि मुख्यमंत्री तो पाहायला गेले.

त्याच्या कितीतरी आधी, डिसेंबर २००९ मध्ये, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या ८८ औद्योगिक वसाहतींचा एक निर्देशांक प्रसिद्ध केला होता. दिल्लीच्या आयआयटीसारख्या संस्थांच्या मदतीने तो तयार झाला होता. नाव लांबलचक, सर्वंकष पर्यावरणीय प्रदूषण निर्देशांक; बोलताना सगळे त्याला ‘सेपी’ म्हणतात. इथे जास्त गुण म्हणजे जास्त घाण. सत्तरच्या वर गेलात तर ‘अतिगंभीर प्रदूषित’, साठ ते सत्तर ‘गंभीर’. ८८ पैकी ४३ ठिकाणे सत्तरच्या वर गेली. अंकलेश्वर ८८.५० वर पहिले, वापी दुसरे. चौथे आपले चंद्रपूर, ८३.८८. महाराष्ट्रातली आणखी चार नावे त्या यादीत होती: डोंबिवली ७८.४१, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) ७७.४४, नवी मुंबई ७३.७७ आणि तारापूर ७२.०१.

हे ७८.४१ कुठून आले ते मी जरा सविस्तर सांगणार आहे. गणिताचा कंटाळा असणाऱ्यांनीही हा परिच्छेद सोडू नये, कारण या लेखातली सर्वांत चांगली बातमी यातच आहे. हवा, पाणी आणि जमीन यांचे वेगवेगळे गुण काढले होते. डोंबिवलीचे गुण हवेला ६६, पाण्याला ६३.५ आणि जमिनीला ५७.५. आपण शाळेत शिकलो तशी सरासरी काढली तर ६२.३३ येते, आणि डोंबिवली सत्तरच्या आत सुटते. पण मंडळाने सरासरी काढली नाही. सर्वांत वाईट आकडा आधी घेतला, म्हणजे ६६. शंभराला तो ३४ ने कमी पडतो. त्या ३४ ला उरलेल्या दोन आकड्यांच्या शेकडेवारीने गुणले: ३४ गुणिले ०.६३५ गुणिले ०.५७५, उत्तर १२.४१. ते ६६ मध्ये मिळवले की ७८.४१. चंद्रपूरचे आकडे ७०.७५, ६७.५ आणि ६६.५, सरासरी ६८.२५, म्हणजे तेही सुटले असते. या रीतीने ८३.८८ झाले आणि अडकले.

यामागचा विचार मला फार शहाणपणाचा वाटतो. एक फुप्फुस निकामी असलेल्या रोग्याला, तुमचे गुडघे उत्तम आहेत, तेव्हा सरासरी प्रकृती बरी आहे, असे कुठला डॉक्टर सांगत नाही. येल-कोलंबियाच्या वजनदार सरासरीत नेमके हेच होते. जंगल चांगले असले तर हवेची घाण थोडी झाकली जाते. सेपीत वाईट आकडा झाकता येत नाही, आणि दुसरा वाईट आकडा पहिल्याला आणखी वर ढकलतो. जगभरचे निर्देशांक मी चाळले आहेत, त्यांत इतका सरळ आणि निर्भीड हिशेब क्वचितच दिसतो. तो आपल्याकडे झाला याचे कौतुक मात्र कोणी केले नाही. आपल्याकडे तशी पद्धत नाही.

शिवाय या आकड्याला दात होते. जानेवारी २०१० मध्ये, जयराम रमेश मंत्री असताना, या ४३ ठिकाणी नव्या प्रकल्पांना आणि विस्ताराला पर्यावरण मंजुरी देणे थांबवण्यात आले. एखाद्या निर्देशांकाने सरकारी शिक्का अडवून ठेवला, अशी उदाहरणे जगात थोडी. उद्योजकांच्या संघटना दिल्लीला धावल्या. राज्याच्या मंडळांनी प्रत्येक ठिकाणचा कृती आराखडा तयार केला.

आणि इथेच घसरगुंडी सुरू झाली. आराखडा सादर झाला की बंदी टप्प्याटप्प्याने उठवली जाऊ लागली. नाल्याचे पाणी सुधारण्याआधीच, ते कसे सुधारणार याचा कागद पुरेसा ठरला. सांडपाणी प्रक्रिया केंद्राची क्षमता वाढवू, हे वाक्य लिहायला एक दिवस लागतो. ती वाढवायला, वाहिन्या टाकायला, गाळ कुठे नेणार ते ठरवायला पाच-सात वर्षे जातात. हे सांडपाण्याच्या धंद्यातल्या कुठल्याही माणसाला विचारा. सप्टेंबर २०१३ मध्ये पुन्हा मोजणी करून आठ ठिकाणी बंदी परत घातली, आणि जून २०१४ मध्ये नव्या सरकारने ती उठवली. दोन्ही मोठ्या पक्षांच्या राजवटींत हे घडले, त्यामुळे इथल्या पंगतीत यावरून भांडायचे कारण नाही.

पुढे २०१६ मध्ये मोजण्याची पद्धतच बदलली. आधीच्या पद्धतीत तज्ज्ञांच्या अंदाजाला फार वाव होता, ही टीका रास्त होती. नव्या पद्धतीत प्रत्यक्ष मोजलेल्या हवा-पाण्याच्या दर्जाला १०० पैकी ५० गुण, उद्योगांच्या पसाऱ्याला २०, नियम पाळण्याला २० आणि आरोग्याच्या आकडेवारीला १०. त्या पद्धतीने २०१८ साली मोजणी झाली. तारापूर ९३.६९ गुणांनी देशात पहिले आले. आणि डोंबिवली? ६९.६७. छत्रपती संभाजीनगर ६९.८५. नाशिक ६९.४९.

हे तीन आकडे मी कितीतरी वेळ पाहत बसलो. तिघेही सत्तरच्या उंबरठ्यावर, अलीकडच्या बाजूला. मी कोणावर आरोप करत नाही. तसा पुरावा माझ्याजवळ नाही आणि योगायोग असतात. पण माझ्या धंद्यात एकाच नाल्याचे सकाळी आणि दुपारी घेतलेले दोन नमुने याहून जास्त फरक दाखवतात. ज्या मोजमापातली अनिश्चितता काही गुणांची आहे, त्यात ०.३३ गुणांवर एक गाव ‘अतिगंभीर’ ठरते की नुसते ‘गंभीर’ हे अवलंबून ठेवणे म्हणजे स्वयंपाकघरातल्या काट्यावर सोने तोलणे. मंजुरी अडवायची तर ६५ पासून हळूहळू अटी कडक करत न्याव्यात; एका रेघेच्या अलीकडे मोकळीक आणि पलीकडे बंदी असे केले की सगळ्यांचे लक्ष नाल्यावरून उडून रेघेवर जाते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ साली ‘गंभीर’ ठिकाणांनाही चाप लावायचा प्रयत्न केला, तो यासाठीच मला योग्य वाटतो.

शिवाय ७८.४१ चे ६९.६७ झाले, म्हणजे डोंबिवली सुधारली, असे कोणी भाषणात म्हणाले तर त्याला अडवणार कसे? आणि तारापूर ७२ वरून ९३ वर गेले, म्हणजे ते तितके बिघडले, असेही म्हणता येत नाही. फूटपट्टी बदलली. पद्धत सुधारायला माझा विरोध नाही, पण निदान एक वर्ष दोन्ही पद्धतींनी मोजून दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापायला हवे होते. डॉक्टर औषध बदलतात तेव्हा जुना केसपेपर फाडून टाकत नाहीत.

एक गोष्ट सेपीला मुळातच दिसत नाही. २६ मे २०१६ रोजी आणि पुन्हा २३ मे २०२४ रोजी डोंबिवलीच्या एमआयडीसीत रासायनिक कारखान्यांत स्फोट झाले. माणसे मेली, लांबलांबच्या इमारतींच्या काचा फुटल्या. हवेतले कण मोजणारा निर्देशक साठवलेल्या रसायनाचा धोका सांगत नाही, सांगणारही नाही. त्याच्याकडून ती अपेक्षाही करू नये. पण मग त्या धोक्याचा निर्देशक कुठे आहे? कोणत्या गोदामात काय आणि किती आहे, हे पलीकडच्या सोसायटीतल्या माणसाला कळायची सोय काय?

ही सोय इथे आहे, आणि ती इथे का आहे हे आपण भारतीयांनी विसरू नये. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळ झाले. १९८५ च्या ऑगस्टमध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या इन्स्टिट्यूट या गावी, त्याच कंपनीच्या कारखान्यात गळती झाली. तेव्हा अमेरिकेची झोप उडाली आणि १९८६ साली काँग्रेसने कायदा केला: कारखान्याने कोणते घातक रसायन साठवले आहे ते गावाला कळवायचे, आणि दरवर्षी कोणते रसायन किती पौंड हवेत, पाण्यात, जमिनीत सोडले ते जाहीर करायचे. १९८७ सालचे आकडे १९८९ मध्ये पहिल्यांदा लोकांपुढे आले. भोपाळच्या मेलेल्यांनी अमेरिकेतल्या गावांना हा हक्क मिळवून दिला. भोपाळला काय मिळाले ते आपण जाणतोच.

या यादीत गुण नाहीत, नंबर नाहीत, शेरे नाहीत. कारखान्याचे नाव, रसायनाचे नाव आणि पौंड. मी तेव्हा न्यू जर्सीतल्या एका कारखान्यात नोकरीला होतो. पंपांची गळकी सीले बदलायला पैसे द्या, म्हणून आम्ही दोन वर्षे अर्ज करत होतो. आमचा पौंडांचा आकडा गावच्या पेपरात छापून आला आणि त्याच तिमाहीत पैसे मंजूर झाले. वरच्या साहेबांना त्यांच्या शेजाऱ्यांनी चर्चमध्ये विचारले म्हणे. मोठ्या कंपन्यांचेही तेच झाले. मोन्सान्टोने १९८८ मध्येच, आकडे बाहेर पडण्याआधी, हवेतले विषारी उत्सर्जन ९० टक्क्यांनी कमी करू असे जाहीर केले. पहिल्या दहा-बारा वर्षांत यादीतल्या मूळ रसायनांचे एकूण उत्सर्जन कागदावर ४० टक्क्यांहून अधिक घटले.

‘कागदावर’ हा शब्द मी मुद्दाम घातला. आकडे कारखानाच देतो, पुष्कळदा मोजून नव्हे तर अंदाजाने. अंदाजाची पद्धत बदलली की घट होते आणि धुराड्याला त्याचा पत्ताही नसतो. पौंडाने मोजल्यामुळे मिथेनॉलचा पौंड आणि त्याहून कितीतरी जहाल विषाचा पौंड एकाच रांगेत बसतात. लहान कारखाने यादीतून सुटतात. हे सगळे दोष मान्य करूनही, तीन आकड्यांपैकी माणसांना हलवले ते या ओबडधोबड आकड्याने, असे माझे मत आहे. येलचा आकडा वाचून कोणी काय करायचे? देशाला लाज वाटून घ्यायची. सेपीचा आकडा मंत्र्याला काही करायला लावू शकत होता, म्हणून मंत्री बदलला की तो ढिला पडला. पौंडांचा आकडा कारखान्याच्या साहेबाला शेजाऱ्यासमोर उभे करतो.

भारतात याच्या जवळ जाणारे काहीच नाही असे नाही. सतरा प्रकारच्या अतिप्रदूषक उद्योगांनी धुराड्यावर आणि सांडपाण्याच्या तोंडावर सतत मोजणारी यंत्रे बसवून आकडे थेट मंडळाकडे पाठवावेत, असा आदेश २०१४ साली निघाला. आकडे मंडळाकडे जातात; ते शेजाऱ्यापर्यंत, नावानिशी, त्याला समजेल अशा मराठीत पोचवणे ही पुढची पायरी आहे. त्याला नवे यंत्र लागत नाही.

शेवटी आपल्या मंडळातल्या डॉक्टरांसाठी थोडे. २००९ च्या सेपीत, प्रदूषणाचा माणसांवर झालेला परिणाम या रकान्यात गुण द्यायची रीत अशी होती: विश्वसनीय पुरावा नसेल तर शून्य, आजाराची लक्षणे नोंदलेली असतील तर तीन, मृत्यू किंवा जीवघेणा आजार असेल तर सहा. म्हणजे लोक आजारी नाहीत म्हणूनही शून्य, आणि आजाऱ्यांची नोंद कोणी ठेवली नाही म्हणूनही शून्य. नव्या पद्धतीतले आरोग्याचे दहा गुणही रुग्णालयांच्या आकडेवारीवरच अवलंबून आहेत. गावातले बहुतेक खोकले खासगी दवाखान्यांत जातात, आणि तिथे केसपेपर रोग्याच्या हातात देऊन पाठवायची पद्धत आहे. आपण दरवर्षी गावाकडच्या कामांसाठी निधी गोळा करतो. एमआयडीसीच्या आसपासच्या पंधरा-वीस दवाखान्यांत एक साधी नोंदवही ठेवता आली, तारीख, वय, राहण्याचा भाग, तक्रार, दमा आहे की नाही, इतकीच, नाव नको, आणि महिन्याला कोणी ती संगणकावर चढवली, तर खर्च एका शाळेच्या खोलीहूनही कमी येईल. पुढच्या मोजणीच्या वेळी त्या रकान्यात काय लिहायचे ते मग अंदाजाने ठरवावे लागणार नाही. ज्यांची भावंडे किंवा वर्गमित्र तिकडे दवाखाना चालवतात, त्यांनी मला फोन करावा. वहीचा नमुना मी तयार करून ठेवला आहे.